उघडं दार

चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला,
पाहुण्यानं चपला न काढता
सरळ माजघरात शिरावं तसा.
अकरा मिनिटं राहिली होती.
मागं जाळं हललं, मग स्टेडियम हललं,
आणि मग पायऱ्यांवरून, खांबाच्या डाव्या हाताला,
नेहमीच्या जागेवरून तो आवाज आला:
"अरं म्हशीच्या गोठ्यालाबी दार असतंय!
तू काय उघडाच बसलायस व्हय?"

अख्खी गॅलरी हसली.
हसणाऱ्यांत माझा सख्खा चुलतभाऊ होता. मी पाहिलं.

रंगराव सासने.
मिरजकर तिकटीजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान.
चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही,
गोलकीपरचा उद्धार करण्यातही नाही.
गेल्या हंगामात त्यांनी माझी तीन नावं ठेवली:
गळका डबा, फुटका बांध, सरकारी फाटक.
तिन्ही पेठेत चालली.
भाजीवाली आक्कासुद्धा एकदा म्हणाली,
"काय रं फाटक, कोथिंबीर न्हेतोस?"

सामना संपला तेव्हा उत्तर तयार होतं,
ग्लोव्हच्या आत, मुठीत, घामानं ओलं.
त्यात त्यांचं टक्कल होतं, दुकान होतं,
आणि आईसमोर बोलता येत नाही असा एक शब्द.

पायऱ्या चढून गेलो.
ते एकटेच बसले होते, शेंगांच्या फोलपटांत.
मला बघून तोंड उघडलं
आणि नुसती हवा बाहेर आली.
घसा बसला होता.
खोकत होते, डोळ्यांत पाणी.
अख्खा सामना माझ्यावर नजर लावून
हा माणूस स्वतःचा गळा फोडत होता.
एवढा वेळ मला आईनंही सलग पाहिलं नसेल.

मूठ उघडायला वेळ लागला. खरंच लागला.
मग पाण्याची बाटली पुढं केली.
"काका, हळू प्या. आणि एक सांगा,
मी कुठं उभं राहायला पाहिजे होतं?"

पाणी प्याले. बाटलीचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं.
"मला काय म्हाईत," ते कुजबुजले,
"मी कवा खेळलोय फुटबॉल?"

"मग उद्या या. सहाला. गांधी मैदानावर."

येणार नाहीत असं वाटलं होतं. थोडी तशी इच्छाही होती.
पण सकाळी म्हशींची रांग रस्ता ओलांडत होती
आणि रांगेच्या पलीकडं, एक पाय टेकून, सायकलवर रंगराव.
मफलर. स्वेटर. पायात करकरणारं पायताण.

पहिला चेंडू मारायला त्यांनी इतक्या लांबून धाव घेतली
की मी घाबरलो.
चेंडू जागचा हलला नाही.
पायताण सुटलं आणि गिरक्या खात
वरच्या उजव्या कोपऱ्याकडं निघालं,
आणि मी उडी मारली. का, ते विचारू नका.
दोन्ही हातांत धरलं, छातीशी घेतलं.
माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा सेव्ह
आणि बघायला फक्त म्हशी.

ते एका पायावर उभे. हसावं की ओशाळावं ठरेना.
मी पायताण नेऊन त्यांच्या पायाशी ठेवलं, सरळ करून.
म्हणालो, "शॉटमध्ये वजन हाय."

ते काही गोड झाले नाहीत, आधीच सांगतो.
रविवारी तीच जागा, तोच खांब.
"हातास्नी लोणी लावलंस काय रं?"
ऐकू आलं. लागलंही थोडं.
पण आता त्या आवाजाला पाय होता,
आणि तो अनवाणी होता.

मग पेनल्टी. स्टेडियम चिडीचूप.
आणि पायऱ्यांवरून, "डावीकडं! लेका, डावीकडं मारतोय त्यो!"
मी डावीकडं झेपावलो, अगदी मनापासून.
चेंडू उजवीकडून गेला, निवांत.

मातीत तोंड खुपसून मी
माझ्या चौथ्या नावाची वाट बघत होतो.
आणि सगळ्या गोंगाटाच्या वरून,
पुन्हा फाटायला आलेल्या गळ्यानं:

"माझं चुकलं रं पोरा!
त्येला कुणी काय बोलू नका!
माझं चुकलं!"