भरतीची वेळ

बेटावर पोचलो तेव्हा दुपारी समुद्र घरी नव्हता.
अर्धा कोस आत गेलेला.
मागे शेवाळलेले खडक, एक निळी चप्पल
आणि खेकड्यांची घाईघाईतली कामं.
"येईल पाचला," होडीवाला निकुंज म्हणाला,
जसं आपण म्हणतो, साहेब जेवायला गेलेत.

त्यानंच विचारलं, नागपूर कुठं आलं?
मी वाळूत बोटानं देश काढला,
मधोमध टिंब दिलं.
सगळीकडून पाणी सारखंच लांब.
तो टिंबाकडं बघत राहिला बराच वेळ.
"मग दीदी, तुम्हाला वेळ कशी कळते?"

आता मानेवाड्यात मे महिना.
सँडलच्या शिवणीतून वाळू निघते अजून.
शेजारच्या निर्मळाताई विचारतात,
"काय पाहून आल्या वो एवढ्या लांबून?"
मी फोटो दाखवते. फोटोत मीच आहे, मागे थोडं पाणी.
रात्री कूलर समुद्रासारखा वाजतो, असं लिहिणार होते.
नाही वाजत.
कूलरसारखाच वाजतो.

पण पहाटे साडेचारला
नळ आधी नुसती हवा खोकतो,
मग गढूळ, मग नितळ.
गल्लीभर ड्रम सरकतात, मोटारी लागतात,
कुणाच्या तरी बादलीची कडी पडते.
मी गाऊन घोट्यांवर धरून उभी.
ड्रम भरतो, काठावरून सुटतो,
पाणी फरशीवरून चालत येतं
पायाच्या बोटांपर्यंत,
थोडं थांबतं.

आतून हे ओरडतात, "अवं, पाणी चाललं ना!"

चाललं नाही.
सहाला जाईल.