शहाऐंशी

शाळेचा नळ सकाळी दहापर्यंत गोठलेला असायचा,
म्हणून मंगळवारी ज्याचं त्याने पाणी आणायचं.
मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत न्यायचे.
फाउस्तिनो एकदा रबरी बुटात घेऊन आला.
बूट नवाय बाई, म्हणाला, अजून पाय घातला नाही.

सेनोबियाबाईंनी बाकावर पन्नास सेंतावोंचं नाणं ठेवलं.
यावर किती थेंब बसतील?
आठ, मी म्हटलं. कुणी म्हणालं बारा.
बाप खाणीत असलेली पोरं पैजा लावण्यात पटाईत.
वीस, एकवीस, बावीस,
नाण्यावर पाणी फुगत गेलं, मिटल्या पापणीसारखं,
थरथरत, पण काठ न सोडता.
एकतिसाव्याला अख्ख्या वर्गाने श्वास रोखला.
बत्तिसावा माझ्या मांडीवर.
थेंबांना एकमेकांचा हात सोडवत नाही, बाई म्हणाल्या,
आणि त्याला एक जोडाक्षरी नाव दिलं
जे मी वर्षभर चुकीचं लिहीत राहिले.

मग जूनमधल्या एका रात्री
छपरावर काचेची बरणी ठेवली, काठोकाठ भरून, झाकण घट्ट.
सकाळी बर्फ उभा होता
बरणीच्या आकाराचा.
बरणी नव्हती.
घरी सांगितलं तर आई हसली.
यात शिकायचं काय? बटाटे आपण असेच गोठवतो,
तुडवून त्यांचं पाणी काढतो, वर्षभर खातो.
पण ती वही मात्र तिने फडक्याने पुसून फळीवर ठेवली.

थर्मामीटर एकच होतं. ओरूरोहून आलेलं, कापसात गुंडाळून.
चुलीत लामाच्या लेंड्या, वर पत्र्याचा मग.
ऐंशी. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी.
पाणी खदखदायला लागलं आणि पारा तिथेच बसला.
फाउस्तिनोने फुंकून फुंकून तोंड लाल केलं,
मगातलं पाणी निम्मं झालं,
पारा हलेना.
पुस्तकात शंभर छापलं होतं.

थर्मामीटर मोडकंय, कुणीतरी म्हणालं.
पाणीच मोडकंय, मागच्या बाकावरून आलं.

बाईंनी आम्हाला अंगणात नेलं.
वर बघा, म्हणाल्या.
वर काही नव्हतं, इतकं की डोळे दुखले.
इथे हवा विरळ. पाण्याच्या डोक्यावर ओझं कमी,
म्हणून ते लवकर उठतं.
पुस्तक लिहिणारा समुद्रकाठी बसला असेल.

वार्षिक परीक्षेत शहरातून प्रश्न आला:
पाणी किती अंशांना उकळतं? गुण एक.
मी लिहिलं शहाऐंशी. तांबडी फुली.
फाउस्तिनोने शंभर लिहिलं,
ज्याने स्वतः चूल फुंकली होती त्याने,
आणि गुण घेतला.
बाईंनी शहराला पत्र धाडलं, सोबत आमची सही असलेला तक्ता.
उत्तर आलं नाही. दुसरं धाडलं.
पाण्याचा गुण मला कळला होता,
पण तो प्रगतिपुस्तकात धरत नाहीत.

आता मी आरिकाला असते, बंदरामागच्या खाणावळीत.
पहिल्या दिवशी बटाटे चढवले आमच्याकडच्या हिशेबाने,
आणि कांदे चिरायला बसले.
झाकण काढलं तेव्हा पातेल्यात लापशी होती.
मालकीण काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री सगळे गेल्यावर
पाकाचं थर्मामीटर पाण्यात सोडलं.
शहाऐंशीला पाणी नुसतं कुजबुजत होतं.
नव्वद. सत्त्याण्णव.
खिडकीबाहेर समुद्र अंधारात घासत होता,
आणि पातेलं उसळलं तेव्हा काटा बरोब्बर तिथे,
जिथे छापलं होतं.
मला का कोण जाणे, राग आला.

फाउस्तिनोला फोन लावला. तो आता खाणीत, बापाच्या जागी.
शंभर, मी म्हटलं.
बराच वेळ नुसती खरखर.
आणि बटाटे?
वीस मिनिटं.
वीस?
मग उरलेला वेळ, त्याने विचारलं,
तिथल्या बायका करतात तरी काय?