चोवीस तास

धंतोलीत डॉक्टर उरकुडेंच्या दवाखान्यात
कंपाउंडर मला एमआरच्याच बाकावर बसवतो.
मी काही बोलत नाही.
शेजारी आमच्याच कंपनीचा निखाडे,
टाय सैल, बॅगेवर कोपर, कपाळावर मे महिना.
आम्ही दोघांनी एकत्र आत जायचं नाही, असा नियम आहे.
तो गोळी विकतो.
मी गोळीबद्दल बोलतो,
तेही कुणी विचारलं तर.

माझ्या बॅगेत पेनं नाहीत, डायऱ्या नाहीत.
सात पानांचा एक पेपर आहे, त्यात तिसरा आलेख:
दोन रेघा अठराव्या आठवड्यापर्यंत
एकमेकींना धरून चालतात,
मग एक जराशी खाली उतरते.
त्या जराशावर माझा पगार निघतो.

"सिकलची पोरं," उरकुडे म्हणाले, "बाराच्या आतली.
देऊ का ही?"
बाराच्या आत अभ्यास झालेला नाही, सर.
"अबे, ते मलेही मालूम आहे. तू सांग, देऊ का?"
माहिती नाही, सर.
कूलरचं पाणी संपत आलं होतं,
नुसता पंखा गरगरत होता.
"पगार घेऊन माहीत नाही म्हणणारा
तू एकटाच येतोस इथं," ते म्हणाले,
आणि पेपर ठेवून घेतला.

खाली, टपरीवर,
माझा कट अर्धा झाला असेल,
मागच्या बाकावर एक बाई फोनवर:
"निळी गोळी चालू केली तवापासून
पोट्टीच्या नखाईत काळ्या रेघा आल्या नं माय."

आता हे ऐकलं म्हणजे ऐकलं.
लग्नात, बसमध्ये, न्हाव्याकडे,
कुठंही कानावर पडलं की
चोवीस तासांत कळवायचं.
एक रुग्ण, एक सांगणारा, एक औषध, एक त्रास:
चार गोष्टी जमल्या की प्रकरण होतं.
कप खाली ठेवला.
मी उरकलेला माणूस वाटू नये म्हणून
आधी नाव सांगितलं, मग कंपनीचं.

उमरेडहून आल्या होत्या.
मुलीनं अंगठ्यावरचं गुलाबी नेलपॉलिश
दातांनी खरवडून दाखवलं.
दोन रेघा. मुळापासून टोकापर्यंत.
शेजारी शेजारी.

"तुमी बी डाक्टरच नं जी?"
हो.
"मंग सांगा नं. बंद करू का?"
हो म्हणता येत नाही. नाही म्हणता येत नाही.
मी एवढंच म्हणालो, वर चला, आत्ता, माझ्यासोबत.
जिन्यात वय विचारलं.
मुलगीच म्हणाली, अकरा.

म्हणजे तो प्रश्न जुना होता.

उरकुडेंनी बॅटरी लावून अंगठा पाहिला.
खूप वेळ पाहिला.
मी स्ट्रिपवरचा बॅच नंबर उतरवत राहिलो,
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.
मग ते पॅड ओढत बाईंना म्हणाले,
"सध्या थांबवू. रक्त तपासू."
आणि मला, खालच्या आवाजात,
"लिही. वयही लिही."

रात्री फॉर्म भरला.
नाव लिहायचं नसतं, फक्त आद्याक्षरं.
वय ११. स्त्री. वजन २३.
वर्णनाच्या चौकटीत मी लिहिलं:
डावा अंगठा, दोन काळ्या उभ्या रेघा.
नेलपॉलिशचं लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं.
हैदराबादहून सकाळी उत्तर आलं, नंबर मिळाला, आभार.

दिवाळीनंतर माहितीपत्रक बदललं.
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ वाढली:
'नखांचा रंग बदलणे. वारंवारता अज्ञात.'
अजून कुठून कुठून आल्या असतील रेघा,
एका अंगठ्यावर कुणी ओळ छापत नाही.

निखाडे बाकावर घडी उलगडत म्हणाला,
"भाऊ, ही ओळ कोणी घुसवली रे?
आता डॉक्टर मलेच विचारतीन."

मी म्हणालो, विचारू दे.
तू मला फोन लाव.