साडेचार

अबायांच्या बाह्या शिवून झाल्या की
शमशाद माझ्या दुकानात यायची
आणि डाव्या मनगटावर दोन बोटं आपटायची.
मी टायपिंग थांबवून भिंतीकडे बघायचे.
चार बोटं, मग अर्धं बोट. साडेचार.
ती मान हलवायची. नाही.
मी म्हणायचे, अगं, घड्याळ बरोबर आहे.

रुवीतलं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स.
व्हिसा, नूतनीकरण,
बायकोला बोलावणं, बायकोला परत पाठवणं,
सगळं माझ्या बोटांखालून जातं.
पायाला कॅलिपर, म्हणून बिचारीला बसायचं काम दिलं,
असं लोक समजतात.
मिनिटाला पासष्ट शब्द, तीन लिप्यांत,
हे त्यांना कोण सांगत बसणार.

मनगट तिनं सगळ्यांना दाखवलं होतं.
परकारभाभीला. लाँड्रीतल्या कुसुमाला.
सगळ्यांनी वेळ सांगितली.
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवलं
तेव्हा शेजारी नणंदेचा नवरा उभा होता, दिलावर.
घरात खुणा त्यालाच येत. नवरा सोहारला, क्रेनवर.
दिलावर म्हणाला, विचारतेय, अजून किती वेळ लागेल.

कळलं ते असं :
तिचं कार्ड रिन्यू करायला तो काउंटरवर वाकला,
बाही वर सरकली,
आत सोन्याचं घड्याळ.
त्याच्या पाठीमागे ती उभी. आधी घड्याळाकडे बोट,
मग स्वतःकडे,
मग तिसरी खूण.
ती मी इथे लिहिणार नाही. ती तिची आहे,
ज्यांना सांगायची त्यांना तिनं सांगितली.

मनगट म्हणजे वेळ नव्हे.
मनगट हे त्याचं नाव होतं.

त्या रात्री जुन्या फायली काढल्या.
प्रत्येक अर्जात एक रकाना, दुभाष्याचं नाव.
प्रत्येक रकान्यात दिलावर.
एकही स्पेलिंग न चुकवता
मीच टाइप केलेलं.

जमातीतले चार जण आले, चहा प्यायले.
घरातली गोष्ट आहे, म्हणाले.
तिला काय कळतंय, म्हणाले.
हर्णैला धाडून देऊ, आईपाशी सुखात राहील.
तिकीट काढलं होतं. एकच.

मी पाचवा मजला चढू शकत नाही,
म्हणून बैठक पार्किंगमध्ये झाली.
दोन गाड्यांच्या मधे सतरंजी,
वर पिवळी ट्यूब, कारण अंधारात हात दिसत नाहीत.
उम्म सालिम आली, घरमालकाची आई, चाकाच्या खुर्चीतून.
तिला उशीर झाला. रॅम्पवर कुणीतरी गाडी लावली होती.
परकारभाभी रडायला लागली
तेव्हा शमशादनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली :
रड नंतर. आधी हात शिक.

मग कुणीतरी विचारलं, तुला काय हवंय?
हे कुणी तिला विचारलंच नव्हतं.
तिनं बोटांवर मोजलं.
पासपोर्ट. खोलीची किल्ली. मशीन.
ईदच्या जेवणाला तो नको, मी हवी.
पोलिसात? ती बराच वेळ गप्प बसली, हात मांडीवर.
आत्ता नाही, म्हणाली. मी सांगेन तेव्हा.
कुसुमाला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.
पण पटणं आमचं नव्हतं.

पासपोर्ट उम्म सालिमनं आणला.
कफीलला ती काय बोलली ठाऊक नाही,
त्याला लहानपणी तिनंच भरवलं होतं म्हणे.
दिलावर आता बरकाला असतो.
तिथल्या बायकांना कुसुमानं कळवून ठेवलंय.
चार जणांपैकी दोघे माझ्याकडे अर्ज टाइप करायला येत नाहीत.

खोलीच्या बेलला वायर जोडली,
दाबली की आत दिवा लागतो.
तरीही काही रात्री ती दिव्याशिवायच उठते,
दाराला पाठ लावून बसते.
ते थांबलेलं नाही.

शुक्रवारी पार्किंगमध्ये आम्ही शिकतो.
माझी बोटं जलद, पण बोबडी,
ती पकडून सरळ करते.
वेळ विचारायची नवी खूण तिनंच बसवली,
तळहातावर फिरणारं एक बोट.
आमच्या बिल्डिंगमध्ये आता
किती वाजले म्हणून कुणी मनगट दाखवत नाही.