चौथा गुरुवार

वरच्या खोलीतली इन्ग्रिड विचारत आली,
"काकू, खामल्याच्या बाजारात टर्की मिळते?"
मी म्हटलं, बाप्पा, ते काय असते आधी सांग.
तिने हात पसरून दाखवला एवढा थोरला पक्षी.
मला वाटलं, मोर.

कापसाच्या केंद्रात दिवसभर अळ्या मोजते ती.
नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणे, आमचा सण.
सगळे एका टेबलाशी बसतात
आणि एकेक जण सांगतो, कशाबद्दल आभार.
मला हसू आलं.
आमच्याकडे आभार मानायला कुणी उभं राहिलं
की लोक चपला शोधू लागतात.

गुरुवार माझाही होता, मार्गशीर्षातला पहिला.
चौरंगावर घट, पाच डहाळ्या, नारळाला नथ,
आणि वर तिच्या कुकरात कोंबडी.
जिन्याने उतरत आलेला वास
मी उंबऱ्याशी उदबत्ती लावून अडवला.
देवीला काय वाटलं, तिचं तिलाच ठाऊक.

कोहळं मात्र दोघींत एकच घेतलेलं.
अर्ध्याचा ती पाय करणार होती.
पाय? मी माझ्या पायांकडे पाहिलं.
ओव्हन नाही, म्हणून कढईत मिठावर भाजला,
बुडाशी करपला.
उरलेल्या अर्ध्याचे मी गूळ घालून बोंड तळले.
"बोंड?" ती दचकली. "अळी नाही ना?"

संध्याकाळी मी वर जाईना,
कोंबडीच्या हातांनी ती खाली येईना.
मग जिन्याच्या वळणावर, कांद्याच्या पोत्याशी बसलो,
ती वरच्या पायरीवर, मी खालच्या,
मधे तिच्या केंद्रातला गोंदियाचा बिसेन,
दोन्हीकडचं खात.

फोनमध्ये तिची आई, गाऊनवर.
तिथे सकाळ, खिडकीला बर्फ,
पक्षी अजून भट्टीत जायचा होता.
त्यांचा सण उजाडत होता,
आमची ताटं उष्टी झाली होती.

बिसेनने बदली रद्द झाल्याचे आभार मानले.
इन्ग्रिड तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलली,
तिसरं तिला जमेना.
"काकू, आता तुम्ही."
मी म्हटलं, आज नळ वेळेवर आला.
सगळे हसले, फोनमधली आईही, न कळता.

म्हणायचं होतं वेगळंच:
रात्री डोक्यावर कुणीतरी चालते,
खुर्ची ओढते, खोकते,
ते बरं वाटते.
पण हे जिन्यात बसून कसं म्हणावं?

शुक्रवारी घट हलवला, पाणी तुळशीला घातलं,
आणि उरलेला तो पाय
ओट्याशी उभ्यानेच खाल्ला, करपलेल्या कडेसकट.
वरून हाक आली, "काकू, थँक्यू!"
"कशाचं गं," म्हटलं,
आणि उगाच चपला शोधू लागले.