तीनशे अकरा भागाकार

नऊ वर्षं रांगेत थांबून फोन आला
माहीमच्या आमच्या दोन खोल्यांत.
आईनं त्याला क्रोशाचा रुमाल घातला.
बाबांनी फक्त नंबर पाहिला: ४२५६२३३.
म्हणाले, "विषम. अंकांची बेरीज पंचवीस,
म्हणजे तिनानं जात नाही. पाचाचा प्रश्नच नाही.
बघू."

पोर्ट ट्रस्टात पगारपत्रकं करणारा माणूस,
पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत
बॅलार्ड पिअरहून न निघणारा.
जेवणं उरकली की जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर
भागाकार मांडायचा.
सातानं बाकी दोन. अकरानं तीन. तेरानं सात.
मूळ संख्यांनीच भागायचं,
आणि वर्गमुळापाशी थांबायचं, पुढे जायचं कारण नाही,
हे त्यांनी मला समजावलं तेव्हा
शेजारच्या डिमेलोबाई दुबईच्या फोनची वाट बघत बसल्या होत्या.
त्यांनीही मान डोलावली.

शेवटचा भाजक दोन हजार त्रेसष्ट.
भागाकारही दोन हजार त्रेसष्ट,
दार उघडावं आणि समोर आपणच.
बाकी दोनशे चौसष्ट.
त्या रात्री आईला शिरा करायला लावला.
"आपला नंबर मूळ आहे.
कुणाच्या बापाला वाटून घेता येणार नाही."

मग पत्र आलं:
साऱ्या मुंबईच्या नंबरांपुढे आता एक दोन.
बाबांनी बोटांवर बेरीज केली. सत्तावीस.
तिनानं गेला.
पुन्हा तिनानं.
आणखी एकदा तिनानं, मग अडला.
"एकटं मूळ होतं," म्हणाले, "आता अख्खी सत्तावीस नक्षत्रं आली राहायला."
हसले. पण कॅलेंडरं माळ्यावर गेली.

ते गेल्यावर बिल्डरच्या ऑफिसात
श्रीरंग, उल्का आणि मी.
तिनानं भाग गेला. बाकी शून्य.
सह्या झाल्या, चहा आला.

माळा उपसताना सुरळी सापडली.
एव्हाना मला कळलं होतं,
मूळ संख्यांच्या रांगेत तो नंबर तीन लाखावा,
बरोबर तीन लाखावा.
हे बाबांना सांगायचं राहिलं. नऊ वर्षांच्या रांगेवरून
काहीतरी बोलले असते.

भागाकार मोजले. तीनशे दहा.
एका पानाचा कोपरा नव्हता.
डिमेलोबाईंनी प्लंबरचा नंबर लिहून
फाडून नेला असणार.
अलीकडे तेराशे सदुसष्ट, पलीकडे तेराशे एक्क्याऐंशी,
मधलं एक मूळ पळालेलं.
म्हणजे इतकी वर्षं आमचा शिरा
उधारीवर.

उत्तर माहीत होतं. तरी फरशीवर बसले,
त्यांच्यासारखीच लांब रेघ ओढली,
तेराशे त्र्याहत्तरनं भागायला घेतलं.
एकतीसशेनं बसेलसं वाटलं, सदुसष्ट कमी पडले,
एक पाऊल मागे आले.
दारात रद्दीवाला. "ताई, अजून काही बाकी?"
थांबा, म्हटलं, काढते.

तेराशे सहा.