वनस्पती, बिया, माती

तिसऱ्या दिवशी जळवा कुणी मोजत नाही.
पहिल्या दिवशी केवढी आरडाओरड!
लीसबेतनं मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडलं होतं.
आता पोटरीवरची एक ती टिचकीनं उडवते
आणि घेंटमधल्या घरभाड्याचं बोलणं
जिथं सोडलं तिथून उचलते.

सोमफोन पुढे, कोयत्यानं वेली तोडत,
पायात फुटबॉलचे प्लास्टिकचे बूट.
माझ्या बुटांची किंमत त्यानं काल विचारली होती.
मी अर्धी सांगितली.
तरी तो बराच वेळ गप्प होता.

सर्वांत मागे मे केओ.
आमचा तांदूळ, आमची भांडी, आमचा सगळा पसारा
कपाळावरच्या पट्ट्याला टांगून पाठीवरच्या टोपलीत.
तिच्या पुढे मी, म्हणजे मागून दुसरी.
या क्रमावर कुणी वाद घातला नाही.
कुणाचे गुडघे बावन्न वर्षांचे आहेत
ते जंगलाला पहिल्याच चढावर कळलं होतं.

आज नुसता उतार.
उतार सोपा असं ज्यानं म्हटलं
त्याला गुडघे नसावेत.
बांबूची ओली पानं, खाली शेवाळ,
मी बसून घसरते, लाज केव्हाच सोडलेली,
वरून मे केओ माझ्या सॅकचा पट्टा धरून ठेवते,
म्हशीचं दावं धरावं तसा.

दुपारी केळीच्या पानांवर चिकट भात,
वेताचे कोंब, डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी.
एकच ढीग, भोवती आठ जणांचे हात.
पहिल्या दिवशी मी माझा वाटा
कडेला वेगळा काढून घेतला होता,
उष्टं, उष्टं, म्हणत आतून कुणीतरी.
आज माझी बोटं इग्नासियोच्या बोटांना धडकली
आणि भातात आम्ही दोघं हसलो.

मग इतर नदीवर गेले.
आम्ही दोघी आडव्या पडलेल्या झाडावर.
तिनं आपल्या गुडघ्याकडे बोट केलं, मग माझ्या.
मी मान हलवली.
तिनं तीन बोटं वर केली,
हातानं उंची दाखवली, एवढा, एवढी, एवढा.
मग त्यातलं एक बोट मिटलं
आणि दुसऱ्या हातानं ते मिटलेलं बोट
थोडा वेळ धरून बसली.

मग हनुवटीनं विचारलं, तुझी?

शून्य कसं दाखवतात बोटांवर?
मी मूठ पुढे केली.
तिला वाटलं, आत काहीतरी आहे.
वाट पाहत राहिली.
शेवटी मला उघडावी लागली.

तिनं तळवा नीट पाहिला.
कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून त्यावर ठेवलं,
माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटवली.
तांबडं, खरखरीत, ओलं बोंड.
वास आला तेव्हा ओळखलं.
वेलदोडा, मी म्हटलं.
माक नेंग, ती म्हणाली.
तीन दिवसांतलं आमचं हे एवढंच बोलणं.

शेवटच्या वळणावर सहाही फोन एकदम वाजले.
ह्योजिनला एक्केचाळीस निरोप.
तो कधीही न बोलणारा फिनलंडचा मुलगा
झाडाला टेकून आईशी बोलत राहिला, बोलतच राहिला.
फोटो झाले. पत्ते झाले.
नक्की ये हं, नक्की, नक्की.

मे केओनं पैसे दोनदा मोजले,
एक फाटकी नोट परत केली,
सोमफोननं बदलून दिली.
रिकामी टोपली पाठीवर टाकून ती वळली.
उजेड आहे तोवर घरी पोचेल, सोमफोन म्हणाला.
आम्हाला जी वाट तीन दिवस पुरली
ती तिला एका दुपारची होती.

विमानतळावरच्या अर्जावर विचारलं होतं:
वनस्पती? बिया? माती?
बुटांच्या खाचांत माती होतीच.
तिन्हींपुढे मी नाही लिहिलं.
मागच्या बाईला पेन हवं होतं.
उजव्या हातानं दिलं.
डावी मूठ मोकळी नव्हती.